इसहाकच्या वाट्याचा घास

पुण्याच्या डॉक्टरांनी इसहाक मिस्त्रींना घरी न्यायला सांगितलं तेव्हा प्रेमाबाईंनी एकच गोष्ट विचारली, खायला काय द्यायचं. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. बारा वर्षं मिठावरून आणि केळ्यावरून ओरडणारे डॉक्टर एकदम एवढे उदार झाले, त्यातच सगळं आलं. किडन्या दोन्ही गेल्या होत्या. डायलिसिस मिस्त्रींना सोसेना, म्हणून तेही थांबवलं होतं.

पण मिस्त्रींनी मागितलं ते स्वयंपाकघरात मिळणारं नव्हतं. घरी आणल्याच्या आठव्या दिवशी, प्रेमाबाई त्यांची पाठ पुसत असताना, ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "प्रभुभोजन मिळालं असतं तर बरं झालं असतं."

प्रेमाबाईंचा हात थांबला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं 'मिळालं असतं तर बरं झालं असतं' असं कशाबद्दल म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मिस्त्री मागत नसत. पाणी हवं असलं तर रिकामा तांब्या जरा आवाज करून ठेवत, एवढंच.

गाव न्हावऱ्यापासून कोसभर. मिशनच्या काळापासूनची ख्रिस्ती मंडळींची पंचवीसेक घरं, आणि त्यांच्या मधोमध दगडी उपासनामंदिर. पूर्वी महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन व्हायचं. पावाचे बारीक तुकडे केलेलं ताट आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकांवरून हातोहात फिरायचे, आणि उपासना संपली की पाळकसाहेब तेच ताट झाकून आजाऱ्यांच्या घरी न्यायचे. मग मंदिराच्या रस्त्याकडच्या जागेवरून मंडळीत दोन पार्ट्या पडल्या. प्रकरण कोर्टात गेलं. एका पार्टीचे सेक्रेटरी होते इसहाक मिस्त्री. दुसऱ्या पार्टीनं आपला पाळक आणून बसवला, त्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी मंदिराला कुलूप लावलं. तिथली बाकं त्यांच्या वडिलांनी केली होती, दार त्यांनी स्वतः. त्याला तीन वर्षं होऊन गेली. दुसरी पार्टी आता समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून उपासना करायची. मिस्त्रींची पार्टी हळूहळू तिकडंच जाऊन बसायला लागली आणि पार्टीत उरले एकटे मिस्त्री.

प्रेमाबाई त्यांना न सांगता त्या पाळकांकडं गेल्या. विश्वजीत पाळक वयानं त्यांच्या मुलाएवढे, बोलायला गोड. चहा दिला, मिस्त्रींची चौकशी केली. येतो म्हणाले, आजच येतो. फक्त मंडळीला कोर्टात खेचणाऱ्या माणसाला प्रभूच्या मेजावर घ्यायचं तर आधी समेट व्हायला हवा. एक कागद करू, त्यावर मिस्त्रींनी सही करावी, तेवढं झालं की ताट घेऊन मी हजर.

तो कागद प्रेमाबाईंनी घरी आणून मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा मागितला, सगळा वाचला, घडी घातली आणि उशाखाली ठेवला. तिथंच तो राहिला.

त्यानंतर चार दिवसांनी जस्मिन आली. ही आरोग्य केंद्रातली नर्स, दौंडच्या रेल्वे कॉलनीतली कॅथलिक, लघवीची नळी बदलायला आठवड्यातून एकदा स्कूटीवरून यायची. गळ्यात बारीक क्रूस, त्यावर येशूची मूर्ती. मिस्त्री अशा क्रुसाला 'बाहुला' म्हणायचे. जस्मिन निघताना प्रेमाबाईंनी बोलता बोलता विचारलं, तुमच्यात प्रभुभोजन कधी असतं?

"आमच्यात रोज असतं की, मावशी," जस्मिन म्हणाली. "सकाळी सातला मिस्सा."

"रोज?"

"रोज. आणि कुणी आजारी असलं तर छोट्या डबीत घालून घरी नेतात."

स्कूटी गेली तरी प्रेमाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. रोज. आपल्याकडं महिन्यातून एकदा, तेही तीन वर्षं बंद, आणि पस्तीस किलोमीटरवर रोज सकाळी, दूध वाटल्यासारखं. आणि डबीत घालून नेतात. जस्मिननं सांगितलं ते सगळं खरंच होतं. कोण नेतं, तेवढं तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

फडताळात वेलदोड्याची स्टीलची डबी होती, आगपेटीहून लहान. प्रेमाबाईंनी ती राखेनं घासली, उकळत्या पाण्यातून काढली, दोन दिवस उन्हात ठेवली. तरी झाकण उघडलं की वेलदोड्याचा वास यायचाच. मिस्त्रींना काय सांगायचं तेही ठरवलं: पुण्याहून एका पाळकांनी पाठवलंय. कॅथलिकांचं नाव काढलं तर ते तोंडही उघडणार नाहीत. आयुष्यभर त्यांनी रोमी लोकांची टिंगल केली, मेणबत्त्यांची, मूर्तींची, फादरच्या झग्याची. आता त्यांना कळण्याचं काही कारण नव्हतं. पाव तो पाव.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी शेजारच्या अनसाबाईंना सांगितलं की उद्या पहाटे दौंडला जाऊन येते, दहापर्यंत यांच्यापाशी बसा. अनसाबाईंपासून काही लपवणं शक्य नव्हतं, त्यांनी डबीसकट सगळं काढून घेतलं.

"एवढ्याशा डबीत?" अनसाबाई म्हणाल्या. "आमच्या देवाच्या परसादाला द्रोण तरी लागतो गं. तुमचा देव लई काटकसरी हाय." मग डबी परत देत म्हणाल्या, "जा बाई. मी हाय."

मुक्कामी एसटी साडेपाचला फाट्यावरून निघाली. गाडीत कंपनीच्या पहिल्या पाळीची पोरं, मांडीवर हेल्मेट घेऊन झोपलेली, आणि कुरकुंभला कामाला जाणारे दोन बिहारी. प्रेमाबाईंनी अर्धं तिकीट काढलं, डबी पोलक्यात ठेवली आणि बाहेर बघत राहिल्या. उजाडत होतं. उसाला पाणी चालू होतं. पहिल्यांदाच आपण नवऱ्याशी खोटं बोलायला एवढ्या लांब चाललोय, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं. घरात आजारी माणूस असलं की मनातल्या पुष्कळ गोष्टी बाजूला साराव्या लागतात.

चर्च रेल्वेच्या हद्दीला लागूनच होतं. साहेबाच्या काळातलं, काळ्या दगडाचं, उंच छपराचं. आत पाऊल टाकलं की बाहेरचा इंजिनाचा आवाज एकदम लांब जायचा. भिंतीवर पितळी पाट्या, इंग्रजीत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणाकुणाच्या. दाराशी संगमरवरी वाडग्यात पाणी. येणारा प्रत्येक जण त्यात बोटं बुडवून कपाळाला लावत होता. प्रेमाबाईंनी लावलं नाही. तेवढ्यानं थोडं कमी खोटं होईल असं त्यांना वाटलं. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये माणसं चौदा, बहुतेक म्हाताऱ्या बायका. त्या मागून तिसऱ्या बाकावर बसल्या. बाक सागवानी होतं, सांधे अजून घट्ट. मिस्त्रींनी बघितलं असतं तर आधी वाकून खालचे सांधे तपासले असते.

मिस्सा त्या दिवशी मराठीत होती. फादर पन्नाशीचे, वसईकडचे असावेत, बोलण्यातून कळत होतं. बायका उठल्या की प्रेमाबाई उठायच्या, बसल्या की बसायच्या. गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा त्यांचे गुडघे टेकेनात, त्या नुसत्या पुढं वाकल्या. एवढ्यात प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि त्यांना हायसं वाटलं. ही येत होती. ही लहानपणापासून येत होती. त्या सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणत गेल्या, आणि "आम्हाला वाइटापासून सोडव" झाल्यावर न थांबता पुढं म्हणाल्या, "कारण की राज्य, पराक्रम..."

चर्चमध्ये त्यांचा एकटीचा आवाज उरला. बाकी सगळे थांबले होते. कॅथलिक त्या ओळीवर थांबतात, मधलं फादर म्हणतात आणि मग पुढचं. पुढच्या बाकावरच्या फ्रॉकवाल्या म्हातारीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. केस कापलेले, पायात मोजे, चेहरा पोस्टातल्या खिडकीमागं असतो तसा.

रांग लागली तेव्हा प्रेमाबाई शेवटी उभ्या राहिल्या. पुढची बाई करील तसं करायचं, डाव्या तळव्याखाली उजवा. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." त्या म्हणाल्या, "आमेन." तळव्यावर पांढरी गोल चकती आली, पापडीएवढीही जाड नाही, वजन तर नाहीच. पावाचा तुकडा असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी मूठ मिटली, हलकेच, पिल्लू धरावं तशी, आणि बाकाकडं परत आल्या. बसल्या. पदराआड डबी काढली आणि झाकण उघडलं.

त्यांचं मनगट कुणीतरी धरलं. फ्रॉकवाली बाकाच्या पाठीवरून वाकली होती.

"तुमने खाया नहीं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हातात काय आहे? दाखव."

"आमच्या घरी आजारी आहेत," प्रेमाबाई म्हणाल्या. "त्यांना न्यायचंय."

"असं नेता येत नाही. खा. इथंच. अभी, मेरे सामने."

"बाई, माझ्यासाठी नाही हो ते."

"मुँह में डालो," फ्रॉकवाली म्हणाली, आणि आता तिचा आवाज दबका राहिला नव्हता. सगळ्या बायका वळल्या. वेदीवर पेला पुसणाऱ्या फादरचाही हात थांबला. प्रेमाबाईंना घाम फुटला. बाजारात वजनकाट्यावरून भाजी ढापताना धरलेल्या बाईकडं लोक असेच बघतात. त्यांनी हात तोंडाकडं नेला आणि चकती जिभेवर ठेवली. ती टाळूला चिकटली. चव नव्हती. हलवायची हिंमत होईना, आणि तिथंच ती हळूहळू विरघळून गेली, जिभेनं कितीही थांबवायचं म्हटलं तरी.

मिस्सा संपल्यावर फादर स्वतः त्यांच्या बाकापाशी येऊन बसले. रागावले नाहीत. त्यामुळं प्रेमाबाईंना रडू आलं. त्यांनी सगळं सांगितलं: किडन्या, मंदिर, समेटाचा कागद, जस्मिननं सांगितलेली डबी. फादरनी डबी हातात घेतली, उघडली, वास आला तसं किंचित हसले आणि परत दिली. डबीतून न्यायचं काम नेमून दिलेल्या माणसांचं असतं, ते म्हणाले. आणि खरं तर तुम्हीही ते घ्यायला नको होतं, पण ते जाऊ द्या.

"मग त्यांना मिळणारच नाही?" प्रेमाबाईंनी विचारलं.

फादर बराच वेळ बोलले. आपल्या मंडळीबाहेरच्याला एरवी देता येत नाही. पण माणूस मरणाच्या दारात असेल आणि त्याला त्याचा पाळक मिळत नसेल, तर एक वाट आहे. मी गुरुवारी येतो, जस्मिनबरोबर, ते घेऊनच येतो. पण एक गोष्ट लागते.

"त्यांनी स्वतः मागायला हवं, मावशी. तुम्ही त्यांच्यासाठी मागून चालत नाही. मला हवंय, एवढं तरी त्यांच्याकडून यायला हवं."

प्रेमाबाई मान हलवत राहिल्या. या माणसाला कसं सांगावं, की हीच एक गोष्ट मिस्त्रींना कधी जमली नाही.

परतीच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, पण दौंडच्या स्टँडवर त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. तोंडात ते होतं, किंवा होऊन गेलं होतं, आणि त्यावर चहा ओतणं बरं दिसेना. सत्तेचाळीस वर्षांत त्या कधी नवऱ्याच्या आधी जेवल्या नव्हत्या. बाळंतपणातसुद्धा सासूनं ताट वाढलं तर मिस्त्री येईपर्यंत झाकून ठेवायच्या. आणि आज त्याच्या वाट्याचा घास, जगातला तेवढा एकच त्यानं तोंडानं मागितलेला, आपण खाऊन बसलो.

घरी अनसाबाई मिस्त्रींचे पाय चेपत बसल्या होत्या. प्रेमाबाईंना बघून उठल्या, डबीकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता निघून गेल्या.

"कुठं गेली होतीस?" मिस्त्रींनी विचारलं. आवाज बसला होता, मधेच उचकी लागत होती. पण डोळे स्वच्छ होते.

पुण्याचे पाळक वगैरे जे ठरवलं होतं ते आता सांगून उपयोग नव्हता. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि खरं ते सांगून टाकलं. दौंड, चर्च, फ्रॉकवाली. मिस्त्री छपराकडं बघत ऐकत होते.

"मग?" ते म्हणाले. "कुठंय?"

"मी खाल्लं."

उचकी आली, गेली.

"रोज मागनं जेवायचीस," मिस्त्री म्हणाले. "आज बरी आधी जेवलीस."

ते हसले की काय, ते प्रेमाबाईंना कळलं नाही. तोंड वाकडं झालं एवढं खरं. मारलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी तरीही धीर करून पुढचं सांगितलं. गुरुवारी फादर येणारेत. घेऊन येणारेत. फक्त तुम्ही एकदा, हवंय असं म्हणायचं. बाकी काही नाही, सही नाही, कागद नाही.

"मी मागू?" मिस्त्री म्हणाले. "त्या झगेवाल्यापुढं?"

"देवाकडं मागायचं हो. तो मधला माणूस."

"त्या समाजमंदिरातलाबी मधलाच माणूस हाय. त्याला न्हाई म्हणलं, आन् ह्याला व्हय म्हणू?" त्यांना दम लागला. थोड्या वेळानं डोळे मिटून म्हणाले, "बघू."

ते 'बघू' प्रेमाबाईंनी दोन दिवस उराशी धरलं. मिस्त्रींच्या तोंडी 'बघू' म्हणजे बहुधा नाहीच असायचं. मुलाच्या लग्नाच्या वेळी मात्र ते 'बघू'च म्हणाले होते आणि मग हो झालं होतं. त्या मुलाला, ब्लेसनला, त्यांनी चाकणला फोन केला. तो म्हणाला, आई, तू उगाच व्याप वाढवू नको, शनिवारी येतोच आहे. बुधवारी सकाळी त्या मिस्त्रींची दाढी करत होत्या, तेव्हा मिस्त्रींनी एकदा त्यांचा हात धरला. काहीतरी म्हणायचं होतं. "प्रेमा, तो..." एवढं म्हणाले आणि उचकी लागली, मग खोकला, मग ग्लानी. पुढचं राहिलं. दुपारनंतर ते बोलले नाहीत. हाक मारली की डोळे उघडायचे, बघायचे, मिटायचे.

गुरुवारी साडेचारला फादर आले, जस्मिनच्या स्कूटीमागं मोटारसायकलवर. शर्ट-पँटमध्येच होते, झगा नव्हता. प्रेमाबाईंना वाटलं, बरं झालं. खाटेजवळच्या स्टुलावर त्यांनी पांढरं फडकं अंथरलं, त्यावर सोनेरी डबी ठेवली. मेणबत्ती लावायला काढली होती, ती प्रेमाबाईंकडं बघून परत खिशात घातली. दारात अनसाबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

"इसहाकबाबा," फादर वाकून म्हणाले. "मी दौंडहून आलोय. प्रभुभोजन आणलंय. तुम्हाला हवंय का?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. फादरकडं बघितलं. मग स्टुलाकडं. नजर तिथं थांबली, असं प्रेमाबाईंना दिसलं आणि जस्मिनलाही दिसलं. तिनं नंतर तसं सांगितलं.

"बोलता येत नसेल तर मान हलवा. बोट हलवलं तरी चालेल. मला समजेल."

फादरनी त्यांचा हात हातात घेतला. हात तसाच राहिला. सुतारकामानं जाड झालेली बोटं पसरून, उपडी. ओठ मिटलेले. बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत कुणी हललं नाही.

"अहो, व्हय म्हणा," प्रेमाबाई म्हणाल्या. त्यांनी खाली बसून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तुम्हीच म्हणाला होता ना? मिळालं तर बरं होईल म्हणाला होता. मी ऐकलंय. एकदा मान हलवा. माझ्यासाठी हलवा." मग त्या फादरकडं वळल्या. "त्यांनी मागितलं होतं, फादर. देवाशपथ. पंधरा दिवसांमागं मागितलं होतं."

"तुमच्याकडं मागितलं होतं, मावशी," फादर म्हणाले. "माझ्याकडं नाही." त्यांना ते म्हणताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आवाज आणखी खाली आणून. मिस्त्रींचे डोळे उघडे होते. ते आता प्रेमाबाईंकडं बघत होते. त्या नजरेत काय होतं ते त्यांनी पुढं कितीदा आठवून बघितलं, पण नजर वाचता येण्याइतकं ते कधी एकमेकांशी बोललेच नव्हते.

शेवटी फादरनी हात खाली ठेवला. त्यांनी तेविसावं स्तोत्र म्हटलं, जस्मिननं साथ केली. कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. मग फडक्याची घडी घातली, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. दाराशी ते म्हणाले, बोलायला लागले तर कुठल्याही वेळी फोन करा, मी निघतो. प्रेमाबाईंनी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले.

मोटारसायकल फाट्याकडं गेली. अनसाबाई म्हणाल्या, कळत नसंल गं त्यांना, सुदच न्हाई, तू मनाला लावून घेऊ नगंस. प्रेमाबाई हो म्हणाल्या. त्यांनाही तसंच वाटायला हवं होतं. सुद नव्हती, कळलं नाही, संपलं.

दिवेलागणीला त्यांनी वाटीत पाणी घेतलं. जस्मिननं सांगितलं होतं, ओठ कोरडे पडतील, चमच्यानं थेंब थेंब देत राहा. खाटेवर बसून त्यांनी मिस्त्रींची मान दंडावर घेतली आणि चमचा ओठांपाशी नेला. अजून टेकवलाही नव्हता.

मिस्त्रींनी तोंड उघडलं.

चांगलं उघडलं, लहान मूल उघडतं तसं, वाट बघत. पाणी गिळलं आणि पुन्हा उघडलं.

प्रेमाबाईंचा चमचा कलला, पाणी मिस्त्रींच्या हनुवटीवर सांडलं. त्यांनी ते पदरानं टिपलं. त्या दाराकडं बघत राहिल्या. फाट्यावर आता काही दिसत नव्हतं आणि फोन करून सांगायचं तरी काय होतं. तोंड उघडंच होतं. त्यांनी दुसरा चमचा भरला.